फोटोतलं ब्लेड उलटं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या हत्यारांवर अर्धं पान आलं होतं. विषय घेतलात हे बरं केलंत, नाहीतर हत्यारं म्हटलं की लोकांना दसऱ्याची पूजा तेवढी आठवते. पण लेखाबरोबरच्या फोटोत हॅकसॉला, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीला, ब्लेड उलटं लावलेलं आहे. ‘घट्ट नट सैल करायला पक्कड वापरावी’ असंही छापलंय, आणि शेवटी शेहेचाळीस नगांचा तयार टूलबॉक्स घरात ठेवायचा सल्ला दिलाय. या तिन्हींचं पुढं काय होतं ते माझ्या काउंटरवर येऊन पडतं, म्हणून हे पत्र.

सांगलीत गणपती पेठेच्या अलीकडं आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी चालवते. अजूनही एखादं नवं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मागच्या रॅककडं बघत विचारतं, “कोणी आहे का हो दुकानात?” आहे की. मी आहे.

आधी ब्लेडचं. हॅकसॉच्या ब्लेडचे दाते मुठीपासून लांब, म्हणजे पुढं बघणारे हवेत. लोखंड कापताना पुढं ढकलतो तेव्हा जोर लावायचा असतो, मागं आणताना हात हलका ठेवायचा. दाते मुठीकडं बघत असले की ढकलताना ते नुसते घासत जातात. माणूस जोर वाढवतो, ब्लेड पिळवटतं, तुटतं आणि “काकू, तुमचं ब्लेड कच्चं निघालं” म्हणून दोन तुकडे माझ्यापुढं येतात. बऱ्याच ब्लेडवर बाण छापलेला असतो, तोही कुणी बघत नाही. दुसरी गोष्ट दात्यांची. ब्लेडवर इंचाला किती दाते तो आकडा असतो: १८, २४, ३२. जाड सळई कापायची तर १८ चं, अँगल किंवा पाइपला २४ चं, पातळ पत्र्याला आणि नळीला ३२ चं. कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत, नाहीतर पत्र्याची कड दोन दात्यांच्या मध्ये अडकते आणि दातेच उडतात. पंख्याच्या कंड्युटला, म्हणजे वायर घालायच्या पातळ नळीला, १८ चं ब्लेड लावून दात्यांची रांगच्या रांग सपाट करून आणलेली पोरं मी बघितली आहेत. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली.

आता पक्कड. पक्कड हे धरायचं, वाकवायचं, पीळ द्यायचं आणि तार तोडायचं हत्यार. तिचे जबडे एका खिळ्याभोवती फिरतात, त्यामुळं उघडले की समांतर राहत नाहीत. नटाला ती तिरकी, दोन जागी धरते. जोर लावला की निसटते, आणि निसटताना नटाचा कोपरा खाऊन जाते. दोनचार वेळा असं झालं की सहा कोपऱ्यांचा नट गोल होतो. मग त्याला कुठलाच पाना धरत नाही, छिन्नीनं फोडायचा नाहीतर ग्राइंडरवाल्याला बोलवायचं. तीस रुपयांच्या नटापायी मोटरचा पाय कापावा लागलेला शेतकरी भर पाणीपाळीत दुकानात येऊन बसतो, तेव्हा त्याला काय सांगायचं? नटाला पानाच लागतो. त्यातही घट्ट बसलेला नट आधी रिंग पान्यानं सैल करावा, कारण रिंग सगळ्या कोपऱ्यांना कवेत घेते. एकदा हलला की मग उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यानं भराभर फिरवावा. फिक्स पान्याचं तोंड दांडीशी थोडं तिरकं असतं, साधारण १५ अंश. ते मुद्दाम असतं. अडचणीच्या जागी पाना थोडा फिरवायचा, काढायचा, उलटा करून परत लावायचा, की पुढची पकड मिळते. एका गिऱ्हाइकानं “पाना वाकडा आलाय” म्हणून माझ्याकडून बदलून मागितला होता. मी दुसरा दिला. तोही तसाच.

स्क्रू पाना, ज्याचा जबडा चाक फिरवून पुढंमागं होतो, तो घरी एक असावा, पण त्यालाही बाजू असते. पाना ज्या दिशेला फिरवायचा त्या बाजूला हलणारा जबडा ठेवायचा, म्हणजे खरा जोर पक्क्या जबड्यावर येतो. उलटा लावला तर हलता जबडा पसरतो, चाकाचे आटे झिजतात आणि वर्षभरात पाना खुळखुळा होतो.

मापाचा घोळ तर रोजचा. “आठ नंबरचा पाना द्या.” कशाला? “आठ एमएमच्या बोल्टला.” बोल्टची जाडी आठ, पण त्याच्या डोक्याला पाना लागतो १३ चा. सहाच्या बोल्टला १० चा. पान्यावरचा आकडा हा त्याच्या तोंडाचा असतो, बोल्टच्या जाडीचा नव्हे. त्यामुळं मी आता विचारतेच: बोल्ट आणलाय का? नसेल तर मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. हे विचारलं की काहींना राग येतो. दुकानदारानं द्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत असा त्यांचा हिशोब.

प्लसच्या स्क्रू ड्रायव्हरचंही तेच. मॉड्यूलर किचनच्या बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलला जे स्क्रू येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावर प्लसच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा असतात. ते साधं फिलिप्स नव्हे, पोझिड्राइव्ह. फिलिप्सचं टोक निमुळतं असतं, ते या खाचेत पूर्ण बसत नाही, वर चढतं आणि खाच खरवडतं. मग सुतार म्हणतो स्क्रू हलका, मालक म्हणतो सुतार हलका. टेस्टरनं स्क्रू पिळणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, ते लोक सुधारणारे नाहीत.

शेहेचाळीस नगांच्या पेटीवर मात्र लिहायला हवं. पेटी दिसायला झकास असते, प्रत्येक नग आपापल्या खोबणीत. पण त्यातले तीस नग सॉकेट आणि बिट असतात, ज्यातले दोन कधीतरी उपयोगी पडतात. वर त्यांचं लोखंड कसलं ते कुठंच लिहिलेलं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा आमचे खालचे सगळे रॅक पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर घडीव पाने आम्ही रॉकेलमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशानं घासले, तेलाचा हात फिरवला. त्यातले कित्येक अर्ध्या किमतीत गेले आणि आजही लोकांच्या हातात आहेत. पेट्यांमधल्या सॉकेटचा मुलामा मात्र कांद्याच्या पातीसारखा सोलून निघाला आणि खालचं लोखंड खडबडीत, भोकं पडलेलं. ते सगळं भंगारात घातलं. तेव्हापासून मी पेटी दुकानात ठेवत नाही. धंद्याचं नुकसान होतं, होऊ दे.

त्याऐवजी घरात एक आठ इंची पक्कड, एक सपाट आणि एक दोन नंबरचा प्लस स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, स्क्रू पाना, नख्याचा हातोडा आणि पाच मीटरची टेप ठेवा. हॅकसॉ हवाच असेल तर २४ च्या ब्लेडसकट. एवढ्यात भाड्याच्या घरापासून बंगल्यापर्यंत सगळ्यांचं भागतं. पक्कड घेताना मिटून उजेडासमोर धरा. तार तोडायच्या धारांमधून उजेड आरपार दिसला तर ठेवून द्या. हातोडा घेताना दांड्याच्या टोकाला पाचर नीट बसली आहे का बघा. आणि नख्याचा हातोडा खिळ्यांसाठीच वापरा. छिन्नीवर मारायचं असेल तर फिटरचा गोल माथ्याचा हातोडा घ्या. हातोड्यावर हातोडा तर कधीच मारू नका, कडक पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते.

हे झालं घरचं. पण हत्यार कामावरून ओळखायचं म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्यात शिकायचं तर लांब जावं लागत नाही. ऑक्टोबरात फळछाटणीला तासगावकडची द्राक्षबागायतदार मंडळी येतात. छाटणीच्या कात्रीला एक धारदार पातं आणि एक बोथट आकडा असतो. धारेचं पातं वेलीवर जी काडी राहणार तिच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चिरडलेला भाग कापून पडलेल्या काडीबरोबर जातो आणि वेलीवरची जखम साफ राहते. हे त्या बायाबापड्यांना न सांगता माहीत असतं. विरळणीची कात्री वेगळी: बारीक, निमुळत्या टोकाची, घडातला एक मणी काढताना शेजारच्या मण्याला लागू नये म्हणून. मी एकदा विरळणीची कात्री संपली म्हणून शिवणकामाची पुढं केली. बाईंनी ती हातात घेतली, दोनदा उघडझाप केली आणि परत ठेवली. “हिचं टोक जाड हाय,” एवढंच म्हणाल्या.

आणि मिरजेचे सतारमेकर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याच अंकात मोठी बातमी होती. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळले. त्यांच्यातले एक गृहस्थ माझ्याकडं कानस घ्यायला येतात. सपाट, बारीक दात्यांची. डझनभर काढायला लावतात. एकेक उचलून ट्यूबलाइटच्या दिशेनं कडेवरून नजर टाकतात, कुठं बाक आहे का बघायला. मग नख दात्यांवरून अलगद ओढतात. बारांतून एक घेतात, कधी तीही नाही. वाद्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज, काढायची असते. तार त्या माथ्यावर कुठं टेकते आणि कुठं सुटते यावर आवाजाची सगळी गुंज. तिथं केसभर जास्त घासलं की घोडी वाया. लोखंडाला लागलेली कानस ते जवारीला वापरत नाहीत, दोन्ही वेगळ्या कापडात गुंडाळलेल्या असतात. मी त्यांना कधी घाई करत नाही. त्यांची एक कानस विकायला अर्धा तास जातो, पण शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक तेवढ्या वेळात जे शिकून जातं ते पेटीवरच्या माहितीपत्रकात नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडं काम बघायला. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी कागदाची फुलं होतात. त्यापेक्षा मुलांना मिरजेत सतारमेकर गल्लीत न्या, छाटणीच्या दिवसांत बागेत न्या, गवंड्याला ओळंबा सोडून भिंत तपासताना दाखवा. मुलींना आधी न्या. माझ्याकडं हत्यार घ्यायला बाई आली की तिच्या हातात नवऱ्यानं लिहून दिलेली चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीत निम्म्या वेळा चुकीचं माप असतं.

एखाद्या शाळेला मुलं आमच्या दुकानात आणायची असतील तर आणा. सकाळी नको, तेव्हा प्लंबर आणि गवंड्यांची गर्दी असते, दुपारी दोननंतर. एका वेळी दहापेक्षा जास्त नकोत. पटाशी, करवत, कानस, सगळं हाताळू देईन. फक्त बिनमुठीची कानस कुणाच्या हातात देणार नाही, तिचं शेपूट तळव्यात घुसतं. मुठी मी आधी बसवून ठेवीन, शाळेनं दोन दिवस अगोदर कळवावं.

आपली,
एक हार्डवेअर दुकानदार, सांगली