मेजर डिक्लेअर करण्याआधी

प्रिय सई,

मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, अमेरिकन स्टडीजच घेणार असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा बाबा गप्प झाले, आणि तुला वाटलं ते नाराज आहेत. नाराज नाहीत गं, काळजी वाटते त्यांना. मलाही वाटते, लोन डोक्यावर आहे आणि पुढे नोकरीचं काय हा प्रश्न काही चुकीचा नाही. पण मला ही डिग्री आवडलीय, अगदी मनापासून, आणि का आवडलीय ते फोनवर धड सांगता येत नाही म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, सावकाश वाच, अडलं तर विचार.

माझं ऑफिसचं काम तुला माहितीये, टायटल सर्च. घर विकायच्या आधी त्याचे जुने डीड, म्हणजे खरेदीखतं, काढायचे, कोणी कोणाला विकलं, कुठला बोजा राहिलाय का, सगळं बघायचं. आता स्कॅन स्क्रीनवर येतात पण अक्षरं तीच, टाइपरायटरची. १९३०-४० च्या सुमाराच्या कितीतरी डीडमध्ये अटींची यादी असते, कुंपण अमुक उंचीचं हवं, कोंबड्या-डुकरं पाळायची नाहीत, आणि त्याच यादीत, त्याच टाइपमध्ये, गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय कोणी इथे राहायचं नाही, घरात कामाला ठेवलेले नोकर सोडून. कोंबड्यांच्या खालोखाल! पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा जेवायचा डबा तसाच राहिला. ऑफिसातले म्हणाले आता ते चालत नाही, आणि खरंय, १९४८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या अटी कोर्टं अंमलात आणणार नाहीत, आणि १९६८ च्या कायद्याने हा भेदभावच बेकायदा ठरला. पण ती ओळ कागदावर आहे तशीच आहे.

आता मला सांग, ही एक ओळ समजून घ्यायला कुठला विषय लागतो? कायदा लागतोच. पण ती तिथे आली कशी हे नुसता कायदा सांगत नाही. त्यासाठी १९३४ साली निघालेलं फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन बघावं लागतं, ते घरकर्जाला विमा द्यायचं आणि मिश्र वस्ती म्हणजे जोखीम असं त्यांच्याच नियमांत होतं, म्हणजे इकॉनॉमिक्स आलं. मग १९४७ चं लेव्हिटाउन बघ. लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी उभारलेली एकसारखी घरं, साडेसातशे चौरस फुटांची, बघता बघता सतरा हजारांच्या वर गेली, आणि करारात तीच अट. काळा सैनिक त्याच युद्धातून परत आला होता, त्याला ते घर मिळालं नाही. ज्यांना मिळालं त्यांच्या घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली, ज्यांना नाही मिळालं त्यांची पुढची पिढी भाड्यातच राहिली. शिवाय नकाशे वाचता यायला हवेत, आणि त्या काळातल्या मासिकांतल्या जाहिराती पण, ती हिरवी लॉन, ती नव्या फ्रिजजवळ उभी हसणारी बाई, कारण लोकांना ते घर हवंसं वाटलं ते तिथून.

हे सगळं एकत्र बघायला शिकवणारी डिग्री मला फालतू कशी वाटेल?

आणि ती ओळ आपल्यापासून लांबची नाहीये. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा धरता येणार नाही म्हणून त्याला सिटिझनशिप नाही. ती वाट उघडली १९४६ ला, तीही भारतातून वर्षाला शंभरच जण इथे राहायला येतील अशा कोट्यासकट, आणि १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा आला नसता तर आपल्यासारखे लोक न्यू जर्सीत एवढे दिसलेच नसते. तो कायदा सिव्हिल राइट्सच्या चळवळीच्या दिवसांतच झाला, म्हणून काळ्या लोकांचा लढा हा आपल्या घराच्या इतिहासाचा भाग आहे असं मी मानते.

तुझे आजोबा लातूरला इंग्रजी शिकवायचे, ते सुट्टीत हैदराबादला जायचे. उस्मानिया युनिव्हर्सिटीच्या आवारात १९६४ पासून अमेरिकन स्टडीजचं रिसर्च सेंटर होतं, तिथली लायब्ररी त्यांना फार प्रिय. तेव्हा अशा सेंटरमागे कोल्ड वॉरचं राजकारण होतं, अमेरिकेबद्दल चांगलं मत व्हावं असा हेतू होताच, पण पुस्तकं वाचणारा आपल्या डोक्याने वाचतो. इथेही हा विषय १९३० च्या दशकात हार्वर्ड-येलकडे आकाराला आला तेव्हा बराचसा न्यू इंग्लंडचे प्युरिटन, म्हणजे तिथे आलेले कडवे प्रोटेस्टंट, आणि मोठे लेखक एवढ्यावरच होता, १९६०-७० नंतर ब्लॅक स्टडीज, नेटिव्ह अमेरिकन, बायकांचा इतिहास हे सगळं भांडून आत आलं. ते भांडण नीट वाच, सुरुवातीचे लोक जुने म्हणून टाकून देऊ नकोस.

आता कळकळीचं सांगते. ही डिग्री इंटरडिसिप्लिनरी, अनेक विषय जोडणारी आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक डिपार्टमेंटचा एकेक सोपा कोर्स असा नाही, तसं केलं की चार वर्षांची भेळ होते. आधी प्रश्न धर, मग त्याला काय काय लागतंय ते शिक. एक पद्धत तरी पक्की कर, आर्काइव्हमध्ये काम करणं किंवा स्टॅटिस्टिक्स किंवा जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडणं. लॉ, म्युझियम, पत्रकारिता, शिकवणं, यातलं काहीही पुढे केलंस तरी उपयोगी पडेल, आणि बाबांनाही जरा झोप लागेल.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी वर्गात फारशी कोणाकडे नसेल, तू मराठी वाचतेस. पंडिता रमाबाई १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या, मग जवळजवळ तीन वर्षं हा देश फिरल्या आणि १८८९ ला अमेरिकेवर अख्खं पुस्तक मराठीत लिहिलं, सरकार कसं चालतं, घरं कशी, शाळा कशा, बायका काय करतात, आणि काळ्या लोकांशी कसं वागतात तेही. अमेरिकन स्टडीजच की हे! त्याच्या आधी १८७३ ला महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात आले आणि १९४६ ला त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून काळ्या लोकांनी युनायटेड नेशन्सकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. ती पत्रं ॲमहर्स्टला युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्सच्या लायब्ररीत आहेत. मराठी माणसांनी अमेरिका कशी वाचली, यावर सीनियर थीसिस, शेवटच्या वर्षाचा प्रबंध, होऊ शकतो. दुसरं काही डोक्यात असेल तर ते कर, पण ॲडव्हायझरशी हे एकदा बोल.

कोर्सची लिस्ट बाबांना पण ईमेल कर, त्यांना वाचायचीय. रमाबाईंचं पुस्तक तुझ्या लायब्ररीत मिळतंय का बघ, नाहीतर मी पुण्याहून मागवते. आणि आठवड्यातून एकदा तरी घरचं जेवण मिळेल असं बघ, रविवारी बाबा येणारच आहेत तिकडे, काय पाठवू ते सांग.

तुझी,
आई