जुन्या डिझेल इंजिनांसाठी पाण्याच्या इमल्शनची एकदा नीट चाचणी घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात डिझेलमध्ये पाणी मिसळून धूर कमी करण्याबद्दल छोटीशी बातमी आली होती. ती आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरली आणि त्यावर जे काही बोलणं झालं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. निम्मे लोक म्हणतायत ही शुद्ध फसवणूक आहे, आणि निम्मे विचारतायत की शंभर लिटरला किती पाणी टाकायचं. मला दुसऱ्यांची जास्त काळजी वाटली. माझं सातपूरला डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं काम आहे, त्यामुळे पाण्याने काय होतं ते रोज हातात घेऊन बघतो.

आधी तेच सांगतो. कुणीही, कसल्याही गाडीच्या टाकीत पाणी टाकू नका. पंपातला प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल यांच्यामधली जागा दोन-तीन मायक्रॉनची असते, त्याला वंगण फक्त डिझेलचंच. तिथे सुटं पाणी गेलं की आधी तांबूस डाग येतात, मग खड्डे पडतात, मग गाडी उचलत नाही आणि सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते. पावसाळ्यात असे एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या जोड्या, माझ्या टेबलावर येतच असतात, कारण टाकीच्या झाकणातून नाहीतर साठवणीच्या ड्रममधून पाणी उतरलेलं असतं आणि फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू वर्षभर कुणी सोडलेलाच नसतो. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर थोड्याच अंतरात बंद पडल्या होत्या, ते सगळ्यांनी वाचलंय, ते हेच सुटं पाणी.

आता बातमीत जे होतं ते हे नव्हे. ते इमल्शन. कारखान्यात मशीनमध्ये घुसळून पाण्याचे थेंब साधारण एका मायक्रॉनच्या आसपास बारीक करतात, प्रत्येक थेंबाभोवती इमल्सिफायरचा, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या रसायनाचा, थर असतो आणि बाहेरून सगळीकडे डिझेलच असतं, म्हणजे धातूला पाणी थेट लागत नाही. पाणीसुद्धा क्षार काढलेलं घेतात, बोअरचं चालत नाही. दुधात जसं तूप डोळ्याला दिसत नाही तसं यात पाणी वेगळं दिसत नाही, रंगही पांढराच येतो, इटलीत तर याला पांढरं डिझेलच म्हणायचे.

याचा फायदा कळायला आमच्या धंद्यातली एक जुनी अडचण माहिती पाहिजे. काळा धूर ओकणारी गाडी आली की आम्ही पंपाचं टायमिंग, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारायची वेळ, बघतो, टायमिंग पुढे घेतलं की जळणं चांगलं होतं, धूर कमी होतो, पण सिलेंडरमधला ताव वाढतो आणि ताव वाढला की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, जे डोळ्याला दिसत नाहीत पण छातीला लागतात आणि उन्हात त्यांचाच पुढे ओझोन बनतो. टायमिंग मागे घेतलं की हे ऑक्साइड कमी होतात पण काजळी वाढते. म्हणजे एक झाकलं की दुसरं उघडं पडतं. नुसत्या पाना-पकडीने या दोन्हीतून सुटका मी तरी कधी केलेली नाही, कुणी केलेली बघितलीही नाही.

इमल्शनमध्ये दोन्ही एकदम उतरतात. पाणी १०० अंशाला उकळतं, डिझेल उकळायला साधारण १८० ते ३६० अंश लागतात, त्यामुळे नोझलमधून उडालेल्या डिझेलच्या थेंबाच्या पोटातलं पाणी आधी वाफ होऊन फुटतं आणि त्या थेंबाच्या चिंध्या होतात. बारीक फवारा, हवेत चांगलं मिसळणं, म्हणून काजळी कमी. आणि एक किलो पाण्याची वाफ व्हायला २२६० किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते, ती ज्वालेतूनच खेचली जाते, म्हणून वरचा ताव उतरतो आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी. यात चमत्कार काही नाही, पाणी जळत नाही आणि त्यातून ताकद मिळत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण १९९६ साली तामिळनाडूत रामर पिल्लेने झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवतो म्हणून सगळ्या देशाला नादी लावलं होतं आणि पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली, तेव्हापासून इंधनात पाणी म्हटलं की शहाणी माणसं कान झाकून घेतात.

बाहेर हे झालेलं आहे. फ्रान्समध्ये एल्फ कंपनीने ॲक्वाझोल नावाने साधारण १३ टक्के पाण्याचं डिझेल काढून शहरातल्या बसमध्ये चालवलं. इटलीत जेकॅम नावाचं १० टक्क्यांचं होतं आणि तिथल्या सरकारने त्यावर करात सवलत दिली. अमेरिकेत लुब्रिझॉल कंपनीचं प्युरिनॉक्स होतं, २० टक्क्यांपर्यंत पाणी, कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २००१ मध्ये त्याला मान्यता दिली तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड १४ टक्क्यांच्या आसपास आणि काजळीचे कण ६० टक्क्यांहून जास्त कमी धरले होते, बंदरातल्या यार्डाच्या मशिनरीत ते वापरलं गेलं. मोठ्या जहाजांच्या इंजिनात तर पाणी वापरणं जुनंच आहे.

मग ते बंद का पडलं, हा प्रश्न रास्त आहे. कारण तिकडे २००६ नंतर कमी सल्फरचं डिझेल आलं, मागोमाग धुरातली काजळी अडवणारे फिल्टर आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड युरियाने मोडणारी इंजिनं आली आणि नव्या गाड्यांना याची गरज राहिली नाही. शिवाय तोटे आहेत ते लपवायचे नाहीत. जितकं पाणी तितकी लिटरमागची ताकद कमी, म्हणजे कसारा घाट चढताना भरलेल्या कांद्याच्या ट्रकला फरक लगेच जाणवणार आणि ॲव्हरेज पडणार. कमी लोडवर न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. फार दिवस एका जागी ठेवलं तर थर वेगळे व्हायला लागतात, म्हणून अधूनमधून ढवळावं लागतं. आपल्याकडच्या एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, दीड-दोन हजार बारचं प्रेशर असतं, तिथे याची गरजही नाही आणि हात लावायचंही कारण नाही.

पण बीएस-६ गाड्या म्हणजे सगळी डिझेल इंजिनं नव्हेत ना. साईटवरचे जुने जनरेटर, क्रेन, जेसीबी, खडी क्रशर, द्राक्षबागेत ब्लोअर ओढणारे जुने ट्रॅक्टर, न्हावाशेवाच्या बाजूच्या कंटेनर यार्डातल्या जुन्या मशिनी, ही सगळी अजून दहा-पंधरा वर्षं चालणार आहेत, मालकाकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि त्यांना फिल्टर बसवायचा तर फिल्टरची किंमत मशिनच्या निम्मी होते. ट्रॅक्टर मी तूर्त बाजूला ठेवीन कारण शेतकऱ्याकडे साठवण आणि ढवळण कुठून येणार. पण यार्ड, क्रशर आणि मोठ्या बांधकामाच्या साईट यांच्याकडे स्वतःची डिझेल टाकी असते, इंधन आठवड्या-दोन आठवड्यात संपतं, एकाच जागी माणसं दिवसभर त्या धुरात उभी असतात. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. क्रशरवरच्या माणसाला नवीन इंजिन येईपर्यंत थांब म्हणणं मला पटत नाही.

अडचण कायद्याचीही आहे. २००५ च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे डिझेलमध्ये परवानगीशिवाय बाहेरचं काही घातलं आणि ते मानकात बसेनासं झालं की ती भेसळ, आणि मानकात पाण्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. ही कडक राहायलाच पाहिजे, आमच्याच जिल्ह्यात मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये भेसळवाल्यांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, ते इथला माणूस विसरणार नाही. म्हणून इमल्शन पेट्रोल पंपावर विकायची परवानगी अजिबात नको, तिथे पाणी मारायला आयतं कारण मिळेल. वेगळं मानक करा, वेगळा रंग ठरवा, आणि फक्त नोंद केलेल्या कारखान्यातून नोंद केलेल्या टाकीत जाऊ द्या. कर डिझेलच्या भागावरच लावा, नाहीतर मालक पाण्याचाही कर भरून कशाला घेईल.

गडकरी साहेबांनी २०२५ मध्ये सांगितलं की डिझेलमध्ये इथेनॉलचा प्रयोग जमला नाही आणि आता आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलचं बघतोय. बघावं, जरूर बघावं. पण पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत जुनं जनरेटरचं इंजिन, एक क्रेनचं आणि एक यार्डात कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं अशी बेंचवर लावून १० आणि १५ टक्के इमल्शनवर पूर्ण लोड, अर्धा लोड आणि आयडलिंग असं चालवावं, धूर, नायट्रोजन ऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि डिझेलचा खप सगळं मोजावं, शेवटी पंप आणि नोझल उघडून फोटोसकट रिपोर्ट मराठीत जाहीर करावा. पंप उघडायच्या वेळी आमच्यासारख्या दोन-चार कारागिरांना समोर बसवलं तर आम्ही स्वखर्चाने येऊ, कारण एलिमेंट घासला आहे का सडला आहे हे आम्हाला नुसत्या नखाने कळतं.

आणि संपादक साहेब, एक विनंती आपल्यालाही. ती बातमी परत छापाल तेव्हा टाकीत पाणी टाकू नये ही ओळ ठळक अक्षरात वर छापा. बातमी आल्यानंतर एका गिऱ्हाईकाने मला फोनवर प्रमाण विचारलंय.

आपला,
एक डिझेल पंप कारागीर,
सातपूर, नाशिक