बीपी म्हणजे नुसतं टेन्शन नाही

संपादक साहेब,
बीपी वाढलं की आपल्याकडे एकच डायलॉग, "टेन्शन घेऊ नका". पण यात रोगप्रतिकारशक्तीचाही हात असतो हे कुणी सांगतच नाही. 2007 मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला, ज्यांच्यात टी आणि बी पेशीच (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) नव्हत्या त्यांचं बीपी अँजिओटेन्सिन हे बीपी चढवणारं हार्मोन देऊनही फारसं चढलं नाही, मग टी पेशी परत घातल्या आणि चढलं! या पेशी किडनीत नि रक्तवाहिन्यांत शिरून सूज आणतात, जास्त मीठ त्यांना अजून भडकवतं, आणि आपण इंदूरवाले पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावन मसाला, तोही खारटच. आता यावरून कुणी इम्युनिटी बूस्टर काढे विकायला नको, प्रतिकारशक्ती नको तिथे भडकते हाच तर प्रॉब्लेम आहे. तुमच्या आरोग्य पानावर यावर काहीतरी छापा ना, योगासनांचे फोटो पुष्कळ झाले.
– एक वाचक, इंदूर