वित्तमंत्री साहेब, वही आधी आम्हाला दाखवा

माननीय वित्तमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला छोटा कंत्राटदार, गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती असली कामं करतो. एका सरकारी खात्याचं काम मी पावसाआधी पुरं केलं, मेजरमेंट बुकात मापं चढली, इंजिनियरची सही झाली आणि चवथीपूर्वी बिल निघणार असं मला तोंडावर सांगितलं. चवथ गेली, दिवाळी पण गेली. परवा ऑफिसात गेलो तर म्हणतात फंड नाही, वरून रिलीज झालं की बघू. साहेब, मी जेसीबीवाल्याला असं सांगू शकतो का? चिरे, खडी, डिझेल, कामगारांची मजुरी सगळं मी आधी दिलंय, सोसायटीचं कर्ज काढून दिलंय, ते पुरलं नाही म्हणून बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्यात. चवथीला ती माहेरी गेली नाही, रिकाम्या हातांनी जायचं नाही म्हणाली. आणि बिल केलं म्हणून त्यावरचा जीएसटी मी भरून बसलोय, एक पैसा हातात न येता. सरकारला माझ्याकडून यायचे ते उशिरा आले की व्याज लागतं, माझे सरकारकडून यायचे त्याला काही नाही.

आणि पेपरात वाचतो, सरकारनं रोखे विकून, म्हणजे बाजारातून कर्ज काढून, आणखी शंभर कोटी उचलले. काही दिवसांनी परत शंभर कोटी. सगळी देणी धरली तर आकडा तीस हजार कोटींच्या घरात जातो, म्हणजे पंधरा लाखांच्या गोव्यात माणशी दोन लाख, काल जन्मलेल्या पोरालासुद्धा.

कर्ज काढू नका असं मी म्हणत नाही. २००७ साली पाणी आणि मलनिस्सारणासाठी जपानकडून सुमारे २,२८० कोटी येनांचं कर्ज आलं, ते कामासाठीच आलं. पण तसल्या कर्जात देणाऱ्याला सगळं कळतं, टेंडरच्या कागदांना त्याची मंजुरी, खर्चाचा रिपोर्ट त्याला, त्याची माणसं आली की साइट दाखवायला सगळे हजर. आणि ज्याच्या करातून ते फिटणार त्याला आपलं बिल कुठं अडकलंय हे कळायला आरटीआय टाकावी लागते. वही घरच्यांपासून लपवायची आणि सावकारापुढे उघडायची, असा हा कारभार आहे.

हे पुढं कुठं जातं ते इजिप्तनं बघितलंय. रेल्वे, कालवे, राजवाडे, सगळं युरोपच्या कर्जावर. १८७५ ला सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकले, तरी भागलं नाही. १८७६ ला सावकार देशांची माणसं तिजोरीवर येऊन बसली आणि १८७८ ला तर अर्थमंत्रीच इंग्रज आणि बांधकाम खातं फ्रेंच माणसाकडे! फेलाहीन म्हणजे तिथला शेतकरी, त्याच्याकडून कर वसूल होत राहिला आणि १८८२ ला ब्रिटिश फौज उतरली ती अनेक वर्षं गेली नाही.

पोर्तुगालचं तर आपल्याला जास्त कळायला पाहिजे. १९२८ ला लीग ऑफ नेशन्सकडे, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रसंघाकडे, कर्ज मागितलं, त्यांनी देखरेखीची अट घातली, लिस्बननं नाही म्हटलं. त्याच वर्षी सालाझार अर्थमंत्री झाला, कर वाढवून खर्च कापून बजेट जुळवलं, लोकांनी विचारायची सोय मात्र ठेवली नाही, पुढं तोच हुकूमशहा झाला, आणि त्याची राजवट आपण गोव्यात १९६१ पर्यंत भोगली. म्हणजे बाहेरची देखरेख नाकारली म्हणून लोकांची देखरेख आली असं होत नाही. पुढं २०११ ला त्याच पोर्तुगालनं ७८ अब्ज युरोचं कर्ज घेतलं, युरोपियन कमिशन, युरोपची सेंट्रल बँक आणि आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची माणसं ठरावीक महिन्यांनी येऊन हिशेब तपासायची, आणि २०१२ ला सरकारी नोकरांचे आणि पेन्शनवाल्यांचे वर्षाचे दोन जादा पगार कापले. त्यांच्या कोर्टानं ते घटनेविरुद्ध ठरवलं, पण त्या वर्षापुरती कपात तशीच चालू ठेवू दिली. कर्जाच्या सह्या कुणी केल्या आणि पैसे कुणाचे गेले बघा.

आपला देशसुद्धा १९९१ ला तिथपर्यंत गेला होता. २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकलं, रुपयाची किंमत पाडली, आयएमएफच्या अटी घेतल्या. देशाचं सोनं सुटलं. माझ्या घरचं कधी सुटणार ते तुमच्या रिलीजवर आहे.

मला माहीत आहे, राज्याला परस्पर परदेशातून कर्ज काढता येत नाही, ते केंद्रामार्फत येतं, उद्या आयएमएफची माणसं पर्वरीला सचिवालयात येऊन बसणार नाहीत. पण तिजोरी आटली की पहिला मार कुणाला बसतो ते तेव्हाही ठरलेलं आणि आताही. मोठ्या कंपन्या वर्षभर थांबू शकतात, वकील लावू शकतात. आम्ही नाही थांबू शकत. माझ्या ओळखीच्या एकानं टेम्पो विकला, एकानं धंदाच सोडला. विधानसभेत प्रश्न येतो, उत्तर येतं "माहिती गोळा करण्यात येत आहे", पुढच्या अधिवेशनात परत तेच. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट टेबलावर ठेवला जातो, एक दिवस पेपरात येतो, संपलं. हे एका पक्षाचं नाही, सगळ्यांनी असंच चालवलंय.

म्हणून सांगतो, प्रत्येक खात्याची थकलेली बिलं तारखेप्रमाणे पोर्टलवर टाका, कामाचं नाव, रक्कम, किती दिवस झाले सगळं. पहिलं आलेलं पहिलं द्या, फोन आला म्हणून मागचं पुढं घेऊ नका. कुठलंही कर्ज उचललं की किती टक्क्यानं, कशासाठी, कधी फेडायचं, अटी काय हे मराठी-कोंकणीत लोकांपुढं ठेवा. आणि पुढचे शंभर कोटी उचलायच्या आधी झालेल्या कामांचे पैसे द्या, माझ्यासकट सगळ्यांचे.

आपला,
एक कंत्राटदार, डिचोली