ड्रॉ खेळताना समोरचा माघार घेईल का, हे आधी पाहावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोकरच्या स्पर्धांमध्ये अर्धवट जमलेला हात, म्हणजेच ड्रॉ, आक्रमकपणे खेळावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्यही आहे; परंतु त्यामागचे कारण न सांगितल्यामुळे अनेक नवे खेळाडू भलत्याच वेळी सगळ्या चिप्स घालवून बसतात, म्हणून हे पत्र.

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरची पहिली 3 सामाईक पाने उघडल्यावर, फ्लशला (एकाच चिन्हाच्या 5 पानांना) एकच पान कमी असेल, तर उरलेल्या 2 पानांत तो पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. समजा, पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) 1,000 चिप्स आहेत आणि आपण 2,000 चिप्सचा ऑल-इन केला, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स लावल्या. समोरच्याने कॉल केल्यास, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्यास, आपले सरासरी 250 चिप्सचे नुकसान होते आणि त्याने पत्ते टाकून माघार घेतल्यास पॉटमधले 1,000 लगेच आपल्याकडे येतात. म्हणजे त्याने 5 पैकी एकदा माघार घेतली तरी हिशोब बरोबरीत सुटतो, त्याहून अधिक वेळा घेतली तर निव्वळ फायदा. आक्रमणाचे सगळे बळ या माघारीत आहे.

एका स्पर्धेत बक्षिसाच्या यादीत जायला एकच जण बाद व्हायचा राहिला असताना मी बदामच्या अशाच ड्रॉवर ऑल-इन केला. समोर टेबलावरचा सर्वांत श्रीमंत खेळाडू होता. माझा ऑल-इन त्याच्या ढिगापुढे किरकोळ होता, त्यामुळे त्याने साध्या जोडीवर क्षणात कॉल केला. बदाम आलाच नाही. मी माझे पत्ते पाहत राहिलो, त्याच्या चिप्सच्या चवडी पाहिल्या नाहीत, ही चूक मला अजून सलते. पुन्हा प्रवेश नसलेल्या स्पर्धेत बाद होणे म्हणजे सारेच संपणे, आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर गमावलेल्या चिप्सची किंमत मिळवलेल्या तेवढ्याच चिप्सपेक्षा जास्त असते.

टर्ननंतर, म्हणजे चौथे सामाईक पान उघडल्यावर, तर फ्लशची शक्यता 20 टक्क्यांच्याही खाली येते, म्हणून जोर लावायचाच तर तो फ्लॉपवर लावावा. हातात किलवरचे गुलाम-दश्शी आणि फ्लॉपवर चौकटची राणी, किलवरची नव्वी व तिर्री असतील, तर फ्लशसाठी कोणतेही किलवर किंवा सलग 5 पानांसाठी राजा वा अठ्ठी अशी 15 पाने आपल्या कामाची असतात आणि राणीच्या जोडीविरुद्धही आपली बाजू अर्ध्याहून जड असते. असा हात मी आजही बेधडक पुढे रेटतो.

आपला,
एक वाचक