पहाटे चारला थांबलेली पवनचक्की : तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक : 18 नोव्हेंबर 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शेततळ्यावरील पवनचक्की, पंप व तळ्यात हवा सोडणारा संच निकामी ठरल्याबाबत.

संदर्भ : आपले दिनांक 11 नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

आपले उत्तर मिळाले. इतका पाठपुरावा केल्यावर साडेतीन ओळी आल्या, त्यात तीन कारणे आहेत. वारा कमी असणे ही नैसर्गिक बाब आहे, टॉवरजवळ झाडे आहेत, आणि मासे द्राक्षबागेवरच्या फवारणीने मेले असावेत. म्हणजे चूक वाऱ्याची, झाडांची आणि माझी. कंपनीची कुठेच नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहितो आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवतो, म्हणजे पोचपावती तरी राहील.

मी कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या बाजूला राहतो. दोन एकर द्राक्षबाग आहे आणि 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल शेततळे आहे. काठोकाठ भरले तर त्यात जवळजवळ 22 लाख लिटर पाणी मावते. उपसा योजनेच्या पाण्याचे आवर्तन आले की ओढ्यात पाणी येते, विहीर फुगते, आणि ते पाणी तळ्यात उचलून ठेवायचे, असा आमचा धंदा. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला विहिरीवर जाणे किती सुखाचे असते, ते तुमच्या ऑफिसात कुणाला माहीत असेल असे वाटत नाही. तळ्यात मासेही सोडायचे ठरवले होते. तेव्हा पाणी उचलणारी आणि तळ्यात हवा सोडणारी अशी दोन्ही कामे बिनविजेची करणारी चक्की मिळते म्हटल्यावर मी ती मे महिन्यात घेतली. किंमत 1,46,000 रुपये. त्यात हवेच्या संचाचे 42,000 बिलावर वेगळे दाखवले आहेत.

शेजाऱ्याने त्याच सुमारास सौर पंपाचा अर्ज भरला होता. मलाही तो म्हणत होता. पण तुमचा प्रतिनिधी आमच्या ओट्यावर चहा घेत म्हणाला, "दादा, ऊन रात्री झोपतं, वारा झोपत नाही." आणि त्याने पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्यांकडे बोट दाखवले. "त्या बघा, चोवीस तास चालू. वारा तोच, तुमचा पंखा फक्त लहान." मला ते पटले. आमच्या भागात कुणालाही पटेल, कारण त्या चक्क्या लहानपणापासून नाही तरी गेली कितीतरी वर्षे आम्ही रोज बघतो.

आता जे चांगले झाले तेही लिहितो. जून ते ऑगस्ट पंपाने मन लावून काम केले. जुलैत मी पाईपच्या तोंडाशी 200 लिटरचे बॅरल ठेवून घड्याळ लावले, साडेचार मिनिटांत भरले. चामड्याचे वायसर एकदा बदलावे लागले आणि विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाईपच्या तळाच्या झडपेत, एकदा कचरा अडकला. त्याची तक्रार नाही, मोटारीलाही हे करावेच लागते.

तेच बॅरल 8 ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता लावले. भरायला छत्तीस मिनिटे लागली. म्हणजे आठपट वेळ. मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला हसूच आले. तो म्हणाला, वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की ताकद निम्मी होत नाही, एक अष्टमांश उरते. हे बारावीच्या पोराला माहीत आहे, तर तुमच्या इंजिनिअरलाही माहीत असणार. मग माहितीपत्रकावर "ताशी 3000 लिटर" असे छापताना ते किती वाऱ्याला, हे एका कोपऱ्यात तरी का छापले नाही? गाडीचे ॲव्हरेज उतारावर मोजून सांगावे तसे झाले हे.

पाण्याचे एक वेळ ठीक आहे. आज कमी आले तर उद्या येईल, तळे कुठे पळून जात नाही. हवेचे तसे नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोहू, कटला आणि मृगळ मिळून 900 बोटुकली सोडली होती. ऑक्टोबरात बरेच मासे दीडशे ग्रॅमच्या पुढे गेले होते. कोजागिरीनंतर तीन दिवस आभाळ भरून राहिले, वारा पडला, अंगाला चिकचिक सुटली. 21 ऑक्टोबरला पहाटे चारला बायकोने उठवले, तळ्याकडून आवाज येतोय म्हणून. बॅटरी घेऊन गेलो. पाण्यावर सगळीकडे नुसती तोंडे. शेकडो मासे जबडा पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते, आणि त्याचा एकसारखा पचपच आवाज, जणू कुणी चिखलातून अनवाणी चालत आहे. बॅटरी मारली तरी एकही मासा खाली जाईना. काही कडेला तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर आडवे झाले होते.

मी वर बघितले. तुमचा पंखा ठार उभा होता. एक पातेसुद्धा हलत नव्हते. आणि पलीकडे पठारावर मोठ्या चक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते, पाती फिरत होती.

तेव्हा मला काही कळले नाही. नंतर कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या सरांनी समजावले. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा जड होऊन बसते आणि वरचा वारा तिच्यावरून घसरून जातो. त्यामुळे साठ-सत्तर मीटरवरच्या चक्कीला रात्रीही वारा मिळतो आणि माझ्या नऊ मीटरच्या टॉवरला दिवा विझेल इतकाही मिळत नाही. "वारा तोच, पंखा लहान" हे तुमच्या माणसाचे बोलणे मुळातच खोटे होते. वारा तो नव्हताच.

आणि तळ्याला हवा नेमकी तेव्हाच लागते. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो खातात. उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. आभाळ असेल तर दिवसाची शिल्लकही पडलेली नसते. म्हणजे ढगाळ, कोंदट, बिनवाऱ्याची पहाट हीच तुमच्या यंत्राच्या परीक्षेची वेळ, आणि त्याच वेळेला ते वाऱ्याअभावी बंद. जुलैच्या सोसाट्यात तळ्यात बुडबुडे सोडून काय उपयोग? त्या वाऱ्यात लाटांनीच पाणी घुसळून निघते.

त्या पहाटे थ्री फेज नव्हती. बागेचा ब्लोअर होता, पण तो औषधाचा, तळ्यात कसा घालणार? शेवटी शेजाऱ्याचे डिझेल इंजिन ओढत आणले आणि तळ्यातलेच पाणी उचलून पाईप उंच धरून तळ्यात फवारत राहिलो. मी आणि मुलगा आळीपाळीने, आठ वाजेपर्यंत. तेवढ्याने सहाशेच्या वर मासे वाचले. 260 मेले, पाट्या भरून काढले आणि बांधाला खड्डा करून पुरले.

आता फवारणीचे. बाग निर्यातीची असल्यामुळे मी फवारणीची वही ठेवतो, तिची झेरॉक्स जोडली आहे. छाटणी 14 ऑक्टोबरला झाली, 15 ला फुटीसाठी काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावली, तीही हाताने. त्या आठवड्यात ब्लोअर शेडमधून बाहेर निघालाच नाही. शिवाय मेले ते बहुतेक सगळे मोठे मासे. प्राणवायू कमी पडला की आधी मोठे जातात, हे कुठलाही मत्स्यशेतकरी सांगेल. आणि विषाने लोळलेले मासे इंजिनाच्या फवाऱ्याने पुन्हा पोहायला लागले असते का?

झाडांचेही ऐका. टॉवरपासून तीस मीटरवर तीन कडुलिंबाची झाडे आहेत, खरी आहेत. ती माझ्या वडिलांनी लावलेली आहेत, मे महिन्यात उगवलेली नाहीत. टॉवरची खुंटी तुमच्या फिटरने ठोकली. मी पूर्वेकडच्या माळावर बसवा म्हणत होतो, तर "तिकडून पाईप जास्त लागेल, ते पॅकेजमध्ये बसत नाही" असे उत्तर मिळाले. तो पाईपचा खर्च मी द्यायला तयार होतो.

एवढ्यावर भागले नाही. 6 नोव्हेंबरला तुमचा इंजिनिअर आला, तेव्हा थोडा वारा होता, पंखा फिरत होता आणि तरीही तळ्यात बुडबुडा नव्हता. मी हवा ढकलणारा भाता उघडायला लावला. रबरी पडद्याला कडीच्या काठाने चंद्रकोरीसारखी चीर गेली होती, नख आत जाईल एवढी. तळाशी पावणेतीन मीटर पाणी आहे. त्याचा दाब मोडून हवा खाली ढकलायची, तर पडदा धड नको का? फोटो जोडले आहेत. चीर कधी गेली मला सांगता येणार नाही, पण यंत्र सहाच महिन्यांचे आहे. इंजिनिअरने कागदावर फक्त "वारा कमी" लिहिले आणि सही मागितली. मी चिरेची नोंद केल्याशिवाय सही दिली नाही, म्हणून माझा "असहकार" तुमच्या रेकॉर्डला लागला आहे असे फोनवरच्या ताईंनी सांगितले. त्या बिचाऱ्या चांगल्या बोलतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

त्यांनीच सांगितले की दोन वर्षांच्या हमीतून रबरी भाग वगळले आहेत. हवेच्या संचात रबराशिवाय आहे काय? बैल विकायचा, हमी द्यायची आणि खूर वगळायचे, तसा प्रकार.

तरी माझे म्हणणे फार नाही. पंप मी ठेवून घेतो, तो पावसाळ्यात कामाचा आहे. हवेचा संच तुम्ही काढून न्या आणि त्याचे 42,000 रुपये परत करा. बीज आणि खाद्य यांची बिले जोडली आहेत, मेलेल्या माशांच्या हिश्शाचे 9,400 रुपये द्या. टॉवर पूर्वेकडच्या माळावर हलवून द्या, पाईपचे पैसे मी देतो, मजुरी तुमची. आणि माहितीपत्रकावर किती वाऱ्याला किती पाणी ते छापा, "चोवीस तास हवा" ही ओळ काढा. आमच्याच तालुक्यात आणखी दोघे तुमची चक्की घ्यायच्या विचारात आहेत, मला विचारायला आले होते. मी त्यांना पंपाबद्दल चांगले सांगितले आणि तळे दाखवले.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नाही आले तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यायची गरज नाही. "हा व्यापारी वापर आहे" असे उत्तर देण्याआधी कायद्यातला खुलासा वाचावा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत.

माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, बाग आता फुटली आहे, मी दिवसभर आतच असतो. आणि जमल्यास त्याला पहाटे चारला पाठवा. चहा मी करीन.

आपला ग्राहक,
(सही)
नाव, गट नंबर व मोबाइल तुमच्या नोंदीप्रमाणे

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रक, फवारणीच्या वहीची झेरॉक्स, बीज व खाद्याची बिले, फाटलेल्या पडद्याचे व मेलेल्या माशांचे फोटो.