चंद्रकळेला खोंबारा

पुणे, सोमवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

दादाने काल घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोतलं काळं भूत म्हणजे मीच. आई, तू लगेच फोन करून "कोण गं ती, साडी ओळखीची वाटतेय" म्हणालीस आणि मी "रेंज नाहीये" म्हणून फोन ठेवला. रेंज होती. फोनवर मी थापा मारून मोकळी होते, म्हणून हे पत्र.

साडी तुझीच. चंद्रकळा. 1984 च्या संक्रांतीला आजीने तुला घेतलेली, गेल्या वर्षी तू मला दिलेली. कात्री लावलेली नाही, हे आधी वाच आणि मग पुढे जा. सगळं काम सेफ्टी पिनांवर केलं. पण पदराजवळ चार बोटं खोंबारा लागलाय. तो कसा लागला ते सांगायला सगळा रविवार सांगावा लागेल.

खराडीच्या बाजूला एका मोठ्या लॉनवर कॉमिक्स, ॲनिमे आणि व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचं संमेलन होतं. बाबा, साहित्य संमेलनच समजा, फक्त अध्यक्षपदावरून भांडण नाही आणि माणसं आवडत्या पात्राचे कपडे घालून येतात. आई, हे खूळ माझं एकटीचं नाही आणि आजचंही नाही. 1939 साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे मर्टल डग्लस नावाच्या बाई आणि त्यांचा मित्र भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले होते. दोघांचेही कपडे बाईंनी घरी शिवले होते. तुझ्या उषा मशीनवर तूही शिवले असतेस, दोन शिव्या घालून.

मी झाले होते काओनाशी. हयाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' या 2001 च्या जपानी चित्रपटातलं हे भूत, काओनाशी म्हणजे बिनचेहऱ्याचं. अंगभर काळं, तोंडावर पांढरा मुखवटा, बोलता येत नाही. बिचारं एका मुलीच्या मागे मागे फिरतं, आणि आपल्याला कुणी जवळ करावं म्हणून लोकांना सोनं वाटत सुटतं. आता अंगभर काळं म्हटल्यावर नऊवारी चंद्रकळा सोडून माझ्याकडे दुसरं काय होतं? मुखवटा कागदाच्या लगद्याचा, तीन रात्री पंख्याखाली वाळवला. आणि सोनं आपलं दसऱ्याचं. सोसायटीच्या मागे आपट्याचं झाड आहे. (बाबा, आपटाच होता, कांचन नव्हे. पान लहान होतं, बघून घेतलं.) दोन पिशव्या पानं भरून नेली.

नळस्टॉपला मेट्रोत बसले. मुखवटा मांडीवर. समोरच्या आजींनी डेक्कन येईपर्यंत मला वरपासून खालपर्यंत वाचून काढलं आणि विचारलं, "नाटकात आहेस का गं?" मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, "मग काठ नीट चोपून घे. मेकअपमन सगळं बघत नाहीत." रामवाडीला उतरेपर्यंत त्यांनी स्वतःच दोन निऱ्या बसवून दिल्या होत्या.

इथवर सगळं छान होतं. पुढचं ऐकून तुम्ही "सांगितलं होतं ना" म्हणणार, तर म्हणा. ऑनलाइन तिकीट काढलेलं असूनही मनगटाला पट्टा बांधायची एक रांग, पिशवी तपासायची दुसरी, आणि दुसरीत आपण चुकीच्या फाटकाला उभे आहोत हे कळल्यावर तिसरी. दोन तास वीस मिनिटं. दुपारचं ऊन, कुठे कनात नाही, आणि मी लोकरीच्या गाठोड्यासारखी. तिकिटाचा कोड दाखवायला मोबाइल उघडावा तर एवढ्या माणसांत खरंच रेंज नव्हती (तुला थाप मारल्याचं पाप तिथेच फिटलं). बाबा, दारावर लिहिलंय त्याच्या वर उभे प्रवासी घेतले तर तुम्ही डबल बेल द्यायचा नाहीत. इथे तिकिटं विकणाऱ्यांना तुमच्यासारखा एक कंडक्टर हवा होता.

फाटकावर आईचे धपाटे अडले. बाहेरचं खाणं आत चालत नाही. आतली पाणीपुरी एकशेवीस रुपयांना होती, त्यामुळे का चालत नाही ते समजलं. मी तिथेच बाजूला उभी राहून दोन धपाटे खाल्ले आणि दोन मागच्या मुलाला दिले. तो नारिंगी कपडे घालून, कपाळाला पट्टी बांधून निंजा झाला होता आणि सकाळपासून उपाशी होता. "काकू, चटणी पण आहे का?" म्हणाला. काकू! छत्तिसाव्या वर्षी मुखवट्यातूनही वय कळतं.

आत गेल्यावर मात्र, आई, मी खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मला रडायलाच आलं. बँकेत मी दिवसभर केवायसीचे कागद मागते. आमच्या शाखेत कुणाला हे भूत माहीतही नाही. आणि इथे मी चार पावलं टाकली नाहीत तोच एक मुलगी लांबून "काओनाशी!" म्हणून ओरडत आली. मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले आणि तिच्या ओंजळीत आपट्याची पानं ठेवली. ती जी हसत सुटली! मग लोक आपणहून हात पसरून येऊ लागले. एका लहान मुलाने तर माझ्याकडून पान घेऊन मलाच परत दिलं आणि म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." त्याच्या आईने घरून पाठ करून पाठवल्यासारखं. पिक्चरमध्ये त्या भुताच्या सोन्याची नंतर माती होते. माझं तर पहिल्यापासून पाला होतं, तरी कुणी तक्रार केली नाही.

मग धक्काबुक्की झाली. मुख्य मंचावर कुणी पाहुणा आला आणि सगळी गर्दी एका अंगाला कलली. मी एका स्टॉलच्या लोखंडी चौकटीला दाबले गेले, मागून कुणाचा तरी पाय साडीवर पडला, आणि तो आवाज झाला. टर्र. आई, तुला तो आवाज माहीत आहे. मी मुखवटा काढून खालीच बसले. अंगावरून माणसं जात होती.

तेवढ्यात पंख लावलेली एक पोरगी, जेमतेम वीस वर्षांची, माझ्याशेजारी बसली आणि कमरेच्या बटव्यातून सुई, काळा दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, डिंकाची नळी असा संसारच बाहेर काढला. "ताई, हलू नका हां." हे सगळे लोक असा बटवा बाळगतात म्हणे, कारण कुणाचं ना कुणाचं काहीतरी तुटतंच. तिने कच्चे टाके घातले. काठ बघून विचारलं, "आईची आहे ना?" मी मान हलवली. "मग मी डिंक लावत नाही," म्हणाली. तिचं नाव विचारायचं राहिलं. गर्दीत पंख दिसत होते तोवर बघत राहिले.

बाथरूमच्या रांगेबद्दल आणि नऊवारीबद्दल लिहीत नाही. समजून घ्या. एका चित्रकाराच्या सहीसाठी तासभर उभी राहिले आणि माझ्यापुढे सहा माणसं असताना "वेळ संपली" म्हणून दोरी ओढली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबा, तुम्ही परवाच म्हणालात, पैसे देऊन धक्के खायला कशाला जाता. तुम्ही स्वतः डिसेंबरात स्वारगेटला गाडी लावून, घोंगडी काखोटीला मारून रमणबागेत सवाईला जायचात, ते काय होतं? जागा मिळावी म्हणून दुपारी सतरंजी टाकून यायचात. पुढच्या माणसाच्या मफलरीतून भीमसेन ऐकले, हे तुम्हीच सांगता. पहाटे गाणं संपलं की तांबारलेले डोळे घेऊन सकाळची सातारा गाडी. आता स्पीकरच्या नियमांनी रात्रभराचं गाणं गेलं, महोत्सवही मुकुंदनगरला गेला, तरी डिसेंबर आला की तुम्ही उगीच घोंगडीला ऊन दाखवता. मला एवढंच विचारायचंय की त्या घोंगडीला कधी खोंबारा लागला नव्हता का?

उत्तर आई देईल. तिला सगळं माहीत असतं.

तुमच्यासाठी एक वस्तू घेतली आहे. एका कोपऱ्यात जुन्या कॉमिक्सची पेटी होती आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मराठी इंद्रजाल. वेताळ! एस.टी. स्टँडच्या स्टॉलवरून तुम्ही आणायचात तसाच. तुम्ही आम्हाला कवटीच्या अंगठीचा ठसा पेनाने हनुवटीवर काढून द्यायचात आणि आई खरवडून धुवायची. सहाशे रुपये म्हणाला, पाचशेला दिला. आई, तू आकडा वाचला नाहीस असं धर.

चंद्रकळा मी लक्ष्मी रोडला रफूवाल्याकडे टाकली आहे. तो म्हणतो, कळणार नाही. तुला कळेल. संक्रांतीला घेऊन येते, नेसून ये म्हणालीस तर नेसूनच येईन. गुडघ्याला तेल लावत जा. बाबांनी बी.पी.ची गोळी घेतली का, ते त्यांना न विचारता पाकिटात मोजून बघ.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, त्या अंकाचं शेवटचं पान गेलेलं आहे, हे घरी आल्यावर कळलं. वेताळ दोरखंडाने बांधलेला आहे आणि खाली नदीत मगरी. पुढे काय होतं ते आठवत असेल तर फोनवर सांगू नका, मी आल्यावर सांगा.